मालेगावचे सदतीस मृत आणि निर्दोष सुटकेचा सोयीचा अर्थ

१/
चांदवडचा होळकरांचा रंगमहाल पाहून आणि रेणुकामातेचे दर्शन घेऊन इतिहासप्रेमी तरुण आग्रा रस्त्याने राहुड घाटाकडे निघतात. सुमारे ४० किलोमीटरवर मालेगाव लागते. तेथे नारोशंकर राजेबहाद्दर यांचा भुईकोट आहे. १८१८ च्या मे-जूनमध्ये या कोटातील अरब शिबंदीने इंग्रजांच्या तोफांना कसे झुंजवले, हे अनेकांना तोंडपाठ असते. त्याच शहरातील बडा कब्रस्तान आणि भिक्कू चौक ही दोन ठिकाणे मात्र कोणत्याही सहलीच्या यादीत नसतात. हा धागा त्या दोन ठिकाणांविषयी आणि त्यांच्याविषयी पसरलेल्या एका असत्याविषयी आहे.

२/
३१ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने मालेगावच्या २००८ च्या स्फोट खटल्यातील सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. त्या दिवसापासून इतिहासाच्या नावाने चालणाऱ्या अनेक पानांवर एक विधान फिरत आहे: न्यायालयाने सर्वांना सोडले, म्हणजे महाराष्ट्रात मुस्लिम वस्त्यांना लक्ष्य करणारा अतिउजवा दहशतवाद नावाचा प्रकार कधी अस्तित्वातच नव्हता. हे विधान कायद्याच्या दृष्टीने चुकीचे आणि इतिहासाच्या दृष्टीने खोटे आहे. का, ते क्रमाने पाहू.

३/
प्रथम घटना. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारातचा दिवस. पूर्वजांच्या कबरींवर जाऊन प्रार्थना करण्याचा हा दिवस असल्याने बडा कब्रस्तानात आणि तेथील हमीदिया मशिदीत मोठी गर्दी होती. दुपारची नमाज संपत असताना तेथे आणि जवळच्या मुशावरत चौकात सायकलींवर ठेवलेल्या बॉम्बचे स्फोट झाले. आरोपपत्रातील नोंदीनुसार ३१ जण ठार आणि ३१२ जखमी झाले. मृतांत लहान मुले होती.

४/
दोन वर्षांनी, २९ सप्टेंबर २००८. रमजानचा महिना. रात्री साडेनऊच्या सुमारास भिक्कू चौकात स्फोट झाला. सहा जण मृत्युमुखी पडले; त्यांत दहा वर्षांची एक मुलगी होती. सुमारे शंभर माणसे जखमी झाली. दोन्ही स्फोट मिळून मृतांची संख्या ३७. मालेगाव हे यंत्रमागांचे शहर आहे. मरण पावलेले आणि जायबंदी झालेले बहुतेक लोक हातावर पोट असणारे होते.

५/
या दोन घटना आकाशातून पडल्या नाहीत. २१ नोव्हेंबर २००३ रोजी परभणीच्या मोहम्मदिया मशिदीत स्फोट झाला. २७ ऑगस्ट २००४ रोजी जालना आणि पूर्णा येथील मशिदींवर बॉम्ब टाकले गेले. एप्रिल २००६ मध्ये नांदेड येथे एका घरात स्फोट होऊन दोन तरुण ठार झाले. तेथे बॉम्ब तयार होत होता, असे तपास यंत्रणांचे म्हणणे होते. दहशतवादविरोधी पथकाने नांदेडच्या गटाचा संबंध परभणी, जालना आणि पूर्णा येथील स्फोटांशी जोडला. तारखा पंचांगात पाहाव्यात. परभणी शुक्रवार. जालना-पूर्णा शुक्रवार. मालेगाव २००६, शुक्रवार.

६/
नांदेड प्रकरणात हयात असलेल्या आरोपींना तेथील सत्र न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये निर्दोष सोडले. तो निकाल मान्य करूनही एक प्रश्न उरतो. मालेगावातील पहिला स्फोट नांदेडनंतर अवघ्या पाच महिन्यांनी झाला. मराठवाड्यात मशिदींवर हल्ल्यांची मालिका घडलेली असताना, कब्रस्तानातील स्फोटाच्या तपासकर्त्यांनी सर्वप्रथम कोणत्या दिशेने पाहायला हवे होते? त्यांनी नेमके कोठे पाहिले?

७/
त्यांनी मालेगावच्याच मुसलमानांकडे पाहिले. दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिम पुरुषांना अटक केली, त्यांचा संबंध सिमी या बंदी घातलेल्या संघटनेशी जोडला, मकोका लावला आणि डिसेंबर २००६ मध्ये आरोपपत्र दाखल केले. या नऊंपैकी एक जण स्फोटाच्या आधीपासून पोलिसांच्याच कोठडीत होता. तरीही कट त्याच्या माथी आला. ज्यांच्या घरची माणसे मेली, त्यांच्याच शेजाऱ्यांना मारेकरी ठरवण्यात आले.

८/
फेब्रुवारी २००७ मध्ये तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. डिसेंबर २०१० मध्ये स्वामी असीमानंद यांनी दिल्लीत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जबाब देऊन या स्फोटामागे हिंदुत्ववादी गट असल्याचे सांगितले. हा जबाब त्यांनी पुढे मागे घेतला आणि अजमेर, मक्का मशीद व समझौता या तिन्ही खटल्यांत ते निर्दोष सुटले. म्हणून त्या एका जबाबावर इतिहास रचता येणार नाही. मात्र त्यानंतर राष्ट्रीय तपास यंत्रणेने स्वतंत्र तपास केला आणि मे २०१३ मध्ये चार वेगळ्याच व्यक्तींविरुद्ध आरोपपत्र दाखल केले. ते चौघे अतिउजव्या गटाशी संबंधित असल्याचा आरोप होता.

९/
एकाच स्फोटासाठी एकाच राज्यसत्तेने दोन परस्परविरोधी कथा न्यायालयापुढे मांडल्या. अखेर २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाने पहिल्या नऊ जणांना दोषमुक्त केले. शब-ए-बारातच्या दिवशी या माणसांनी स्वतःच्याच लोकांना ठार मारून शहरात तेढ निर्माण करावी, हे न्यायालयाला पटण्यासारखे वाटले नाही. त्यांना बळीचा बकरा करण्यात आले, अशा आशयाची नोंद त्या आदेशात आहे. तोपर्यंत नऊंपैकी एकाचा मृत्यू झाला होता.

१०/
सात जण पाच वर्षे तुरुंगात काढून नोव्हेंबर २०११ मध्ये जामिनावर बाहेर आले होते. उरलेले दोघे आतच राहिले, कारण त्यांच्यावर मुंबईच्या ११ जुलै २००६ च्या लोकलगाड्यांतील स्फोटांचाही आरोप होता. त्या खटल्यातील सर्व १२ जणांची मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष मुक्तता केली. या दोघांनी कोठडीत घालवलेली वर्षे मोजायला बसले, तर एका माणसाचे तारुण्य पूर्ण संपते.

११/
आता २००८ चा स्फोट. या वेळी दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे होते. घटनास्थळी सापडलेल्या मोटारसायकलीच्या धाग्यावरून त्यांच्या पथकाने प्रज्ञा सिंह ठाकूर, लष्करी अधिकारी प्रसाद पुरोहित आणि इतरांना अटक केली. करकरे यांच्यावर देशद्रोहापर्यंतची टीका झाली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवरील पाकिस्तानी दहशतवाद्यांच्या हल्ल्यात ते लढताना मारले गेले. दहशतवादाचा धर्म पाहून तपास करावा असे मानणाऱ्या दोन्ही बाजूंना त्यांच्या चरित्रातील हे शेवटचे दोन महिने अडचणीचे वाटतात.

१२/
एप्रिल २०११ मध्ये हाही तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. २०१५ मध्ये विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी जाहीरपणे सांगितले की, केंद्रात सत्ताबदल झाल्यानंतर आरोपींबाबत सौम्य धोरण ठेवण्याचा निरोप आपल्याला यंत्रणेच्या अधिकाऱ्याकडून आला. यंत्रणेने हा आरोप नाकारला. मे २०१६ मध्ये यंत्रणेने पुरवणी आरोपपत्रात मकोका वगळला आणि ठाकूर यांच्याविरुद्ध पुरेसा पुरावा नसल्याचे म्हटले. तरीही न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांच्यासह सात जणांवर आरोप निश्चित केले. खटला चालवणाऱ्याचाच आरोपावर विश्वास नसलेला असा खटला सात वर्षे चालला.

१३/
याच काळात एक घटना घडली, जी प्रत्येक इतिहासप्रेमीने लक्षात ठेवावी. साक्षीदारांनी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे दिलेले अनेक मूळ जबाब न्यायालयाच्या नोंदींतून गहाळ झाल्याचे २०१६ मध्ये समोर आले. मग छायाप्रती चालतील की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. खटल्यात ३२३ साक्षीदार तपासले गेले आणि त्यांपैकी तिसाहून अधिक फितूर झाले. एखाद्या दप्तरखान्यातून पेशवेकालीन रुमाल चोरीला गेला, तर समाजमाध्यमांवर किती हळहळ व्यक्त होईल? सहा माणसांच्या मृत्यूविषयीचे कागद गहाळ झाले, तेव्हा ती हळहळ ऐकू आली नाही.

१४/
निकालात नेमके काय आहे? मालेगावात स्फोट झाला, हे न्यायालयाने मान्य केले. बॉम्ब त्या मोटारसायकलीतच ठेवला होता, हे सिद्ध झाले नाही. ती मोटारसायकल ठाकूर यांच्या ताब्यात होती, हेही सिद्ध झाले नाही. पंचनामा सदोष होता. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखालील मंजुरी सदोष होती. संशय कितीही दाट असला, तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी दोन लाख आणि जखमींना प्रत्येकी पन्नास हजार रुपये भरपाई देण्याचा आदेशही याच निकालात आहे. भरपाई न घडलेल्या गुन्ह्यासाठी दिली जात नाही.

१५/
म्हणजे निकालाचा अर्थ एवढाच: या सात व्यक्तींनी हा गुन्हा केला, असे शासनाला सिद्ध करता आले नाही. कायद्याच्या राज्यात ते सात जण निर्दोष आहेत. पण 'यांनी केले हे सिद्ध झाले नाही' या वाक्यातून 'कोणीच केले नाही' हे वाक्य निघत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांना त्या खुनाची शिक्षा कोणत्याही न्यायासनाने भोगायला लावली नाही. म्हणून नारायणराव मारलेच गेले नाहीत, असे कोणी बखर हातात घेऊन म्हणेल काय? अडीचशे वर्षांपूर्वीच्या खुनाला लावलेली कसोटी सतरा वर्षांपूर्वीच्या खुनाला नाकारणे, याला अभ्यास म्हणत नाहीत.

१६/
आणि 'असा दहशतवाद कधी नव्हताच' या दाव्याचे काय? ११ ऑक्टोबर २००७ रोजी, रमजानमध्येच, अजमेरच्या दर्ग्यात स्फोट होऊन तीन जण ठार झाले. मार्च २०१७ मध्ये जयपूरच्या विशेष न्यायालयाने या स्फोटासाठी तिघांना दोषी ठरवले. ते तिघेही हिंदुत्ववादी गटातील होते. एकाचा आधीच मृत्यू झाला होता; उरलेल्या दोघांना जन्मठेप सुनावली गेली. पुढे अपील प्रलंबित असताना उच्च न्यायालयाने त्या दोघांना जामीन दिला. निर्दोष सुटकेचे निकाल डोक्यावर घ्यायचे आणि दोषसिद्धीचा निकाल उल्लेखातूनच वगळायचा, हा साधनांचा प्रामाणिक वापर नव्हे.

१७/
दुसऱ्या बाजूचा खोटेपणाही सोडता येणार नाही. 'न्यायालय काहीही म्हणो, हेच सात जण गुन्हेगार' अशी घोषणा देणारे लोक नेमक्या त्याच तर्काचा आधार घेतात, ज्या तर्काने २००६ च्या नऊ जणांचे आयुष्य उद्ध्वस्त झाले: माणूस त्या समाजाचा, त्या विचाराचा, म्हणजे दोषी. पुराव्याविना कोणालाही मारेकरी म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. इतिहासलेखकाला तर मुळीच नाही. लक्ष्य कोण होते, दिवस कोणता निवडला, तपास कसा भरकटला, हे ठामपणे लिहिता येते. हात कोणाचा, हे सिद्ध होईपर्यंत ती जागा मोकळीच ठेवावी लागते.

१८/
एक आक्षेप नेहमी येतो: मालेगावात मुस्लिम बहुसंख्य आहेत, मग तेथे अल्पसंख्याकांवर हल्ला कसा? अल्पसंख्य असणे हे एका शहराच्या जनगणनेवरून ठरत नाही. राज्यातील सत्ता, पोलीस दल, तपास यंत्रणा, वृत्तमाध्यमे यांत त्या समाजाचे स्थान काय, यावरून ते ठरते. बहुसंख्य असलेल्या शहरात स्वतःच्या कब्रस्तानात मारले गेलेल्यांचेच शेजारी आरोपी म्हणून उचलले जातात, यातच त्या समाजाच्या दुबळेपणाचे मोजमाप आहे.

१९/
हे केवळ भारतात घडते असे नाही. ९ जून २००४ रोजी जर्मनीतील कोलोन शहराच्या कोएपश्ट्रासे या तुर्की दुकानांच्या रस्त्यावर खिळ्यांचा बॉम्ब फुटला. २२ जण जखमी झाले. तो बॉम्बही सायकलीवर ठेवला होता. पोलिसांनी अनेक वर्षे संशय घेतला तो त्या रस्त्यावरच्या तुर्की दुकानदारांवर. नोव्हेंबर २०११ मध्ये एनएसयू हा नवनाझी गट उघडकीस आला, तेव्हा खरे गुन्हेगार कळले. फेब्रुवारी २०१२ मध्ये चान्सलर अँगेला मर्केल यांनी पीडित कुटुंबांची जाहीर माफी मागितली. संसदेने चौकशी समिती नेमली आणि तपास का चुकला, हाच तिच्या चौकशीचा विषय ठरला.

२०/
अमेरिकेचे उदाहरण अधिक बोलके आहे. १५ सप्टेंबर १९६३ रोजी अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये कू क्लक्स क्लॅनच्या सदस्यांनी डायनामाइट फोडले. चार मुली ठार झाल्या. संशयितांची नावे दोन वर्षांत एफबीआयला कळली होती, पण १९६८ मध्ये कोणावरही खटला न भरता प्रकरण बंद झाले. राज्याचे महाधिवक्ता बिल बॅक्सली यांनी ते पुन्हा उघडले आणि १९७७ मध्ये पहिली शिक्षा झाली. दुसरी २००१ मध्ये आणि तिसरी २००२ मध्ये. अडतीस-एकोणचाळीस वर्षांनी शिक्षा शक्य झाली, याचे एक मोठे कारण म्हणजे एफबीआयने साठच्या दशकात गुप्तपणे केलेली ध्वनिमुद्रणे जपली गेली होती.

२१/
मालेगावच्या संदर्भात बर्मिंगहॅमचा धडा येथे आहे. न्यायाला उशीर होऊ शकतो आणि तो तरीही मिळू शकतो. पण कागद नष्ट झाला, साक्षीदार वारला, जबाब गहाळ झाला, की न्यायाचा आणि इतिहासाचा मार्ग एकाच वेळी बंद होतो. १९६८ मध्ये कोणी म्हटले असते की 'खटला नाही, म्हणजे क्लॅनचा दहशतवाद नव्हताच', तर २००१ चा खटला उभा राहिला असता काय?

२२/
महाराष्ट्रात २०२५ च्या जुलैमध्ये काय झाले, ते शेजारी ठेवून पाहावे. लोकलगाड्यांच्या खटल्यात २१ जुलै रोजी सुटकेचा निकाल लागला. राज्य शासन तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २४ जुलै रोजी तेथे सुनावणीही झाली. मालेगावचा निकाल ३१ जुलैचा. त्याविरुद्ध सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाची पायरी चढली ती मृतांच्या नातलगांनी. तोपर्यंत राजकारणात वाद रंगला होता तो एका रंगाच्या नावावर: 'भगवा' म्हणावे की म्हणू नये. छत्रपतींच्या जरीपटक्याच्या रंगाला गुन्ह्याशी जोडू नये, हे मान्य करायला कोणाचीच हरकत नसावी. पण रंगाची बदनामी थांबली, एवढ्याने सहा जणांचा मारेकरी सापडत नाही.

२३/
म्हणून मागण्या साध्या आहेत. दोन्ही स्फोटांच्या तपासातील चुकांची स्वतंत्र न्यायिक चौकशी व्हावी आणि तिचा अहवाल जाहीर व्हावा. गहाळ झालेल्या जबाबांची जबाबदारी निश्चित व्हावी. उरलेले सर्व दस्तऐवज राज्याच्या पुराभिलेख खात्यामार्फत कायम जतन केले जावेत. दोषमुक्त झालेल्यांना, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, गमावलेल्या वर्षांची भरपाई मिळावी. यांपैकी एकाही मागणीसाठी कोणाला हिंदू किंवा मुसलमान असण्याची गरज नाही.

२४/
आणि काही काम इतिहासप्रेमींचेही आहे. ८ सप्टेंबर २००६ ला बडा कब्रस्तानात असलेली माणसे आज आहेत. वीस वर्षांनी त्यांतली फार थोडी उरतील. त्यांच्या कहाण्या उर्दूत आहेत, अहिराणी-मराठी मिसळलेल्या मालेगावी बोलीत आहेत. त्या नोंदवून घेण्यासाठी मोडी शिकावी लागत नाही आणि कोणत्या दप्तरखान्याची परवानगीही लागत नाही. भुईकोटाच्या पडक्या बुरुजाचे छायाचित्र काढायला जाणाऱ्यांनी त्याच फेरीत भिक्कू चौकात उतरून तेथल्या दुकानदारांना एवढेच विचारावे: त्या रात्री काय पाहिले? आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवावे.